दीड लाख खोक्यांतले लंडन

उत्खननात सापडलेल्या वस्तूंपैकी फार थोड्या संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात पोहोचतात. उरलेल्या कोठे जातात, त्या जपून ठेवण्याचा खर्च कोणी आणि का सोसायचा, या प्रश्नांचे सर्वांत मोठे उत्तर लंडनच्या हॅक्नी भागात उभे आहे. त्या इमारतीला ज्यांचे नाव आहे, ते भारतीय पुरातत्त्वालाही चांगलेच परिचित आहेत.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे महासंचालक म्हणून मॉर्टिमर व्हीलर १९४४ साली भारतात आले. त्याच वर्षी मद्रासच्या सरकारी संग्रहालयाला भेट दिली असता, प्रदर्शनात न मांडलेल्या वस्तूंच्या एका कपाटात त्यांना मातीच्या भांड्याचा एक तुकडा दिसला. लांबट मान आणि तिला जोडलेला कान. भूमध्य समुद्राकाठी मद्य आणि तेल भरून जहाजावर चढवले जाणारे 'अँफोरा' नावाचे रांजण असतात, त्यांपैकी एकाचा तो अवशेष होता. चौकशी केली तेव्हा तो तुकडा पाँडिचेरीजवळचा असल्याचे कळले. १९४५ साली तेथे, अरिकमेडू येथे, व्हीलर यांनी उत्खनन केले आणि दक्षिण भारताच्या रोमन व्यापाराचा कालक्रम प्रथमच भक्कम पायावर उभा राहिला. त्या तुकड्याला ओळखणारा माणूस येईपर्यंत तो कपाटात पडून होता, हे खरे. पण तो कोणी फेकून दिला नव्हता, हेही तितकेच खरे.

भारतात येण्यापूर्वी, १९२६ पासून १९४४ पर्यंत, व्हीलर हे 'लंडन म्युझियम'चे प्रमुख होते. या संग्रहालयाचे आणि सिटीतील जुन्या 'गिल्डहॉल म्युझियम'चे १९७६ साली एकत्रीकरण होऊन 'म्युझियम ऑफ लंडन' उभे राहिले. लंडन वॉल येथील त्याची इमारत डिसेंबर २०२२ मध्ये प्रेक्षकांसाठी बंद झाली. स्मिथफील्डच्या जुन्या बाजारात स्थलांतर ठरल्यानंतर २०२४ मध्ये संस्थेने 'लंडन म्युझियम' हे आपले जुनेच नाव पुन्हा धारण केले. या संग्रहालयाचे पुरातत्त्वीय अभिलेखागार आणि संशोधन केंद्र मुख्य इमारतीपासून दूर, रीजंट्स कालव्यालगतच्या ईगल व्हार्फ रस्त्यावर, 'मॉर्टिमर व्हीलर हाउस' या इमारतीत २००२ साली सुरू झाले.

येथे दीड लाखांहून अधिक खोकी आहेत आणि ती ठेवण्यासाठी सुमारे दहा किलोमीटर लांबीची फडताळे. शंभराहून अधिक वर्षांत महानगर लंडनच्या हद्दीत झालेल्या हजारो उत्खननांतील वस्तू, नकाशे, छायाचित्रे आणि टिपणे त्यांत आहेत. जगातील सर्वांत मोठे पुरातत्त्वीय अभिलेखागार म्हणून २०१२ साली गिनीज बुकाने त्याची नोंद घेतली. तेव्हा स्थळांची संख्या साडेआठ हजारांच्या घरात होती. यातील बहुतेक खोकी उघडली तर पाहुण्याची निराशाच होईल. खापरांचे तुकडे, गुरांची हाडे, कौलांचे कपरे, गंजलेले खिळे, शिंपले. सोने-चांदी शोधायला आलेल्याने येथे येऊ नये.

एवढे साठले कसे?

लंडन हे शहर स्वतःच्याच अंगावर वाढत गेलेले आहे. रोमनांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास 'लाँडिनियम' वसवले. त्यानंतरच्या प्रत्येक पिढीने पाडापाड केली, भराव टाकला आणि वर नवे बांधले. सिटीच्या काही भागांत रोमन थर आजच्या रस्त्याखाली कित्येक मीटर खोल आहेत. उंच इमारतीचा पाया आणि तळघर खणले की ते सारे एकाच वेळी नष्ट होते. व्हीलर यांच्या काळात या कामासाठी एखादा निरीक्षक बांधकामांच्या जागा फिरत असे आणि मजुरांनी उकरलेल्यातून जमेल ते टिपून घेत असे. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकीत सिटीचा मोठा भाग जमीनदोस्त झाला तेव्हा पुरातत्त्वज्ञांना मोकळ्या जागा मिळाल्या, पण पैसा आणि माणसे अपुरीच राहिली.

परिस्थिती पालटली ती १९७३ मध्ये. मार्टिन बिडल आणि डॅफ्नी हडसन यांनी 'द फ्यूचर ऑफ लंडन्स पास्ट' या अहवालात सिटीचा नकाशा घेऊन कोणती जमीन आधीच पोखरली गेली आहे आणि कोणती पुढील काही वर्षांत जाणार आहे, याचा हिशेब मांडला. आकडे अस्वस्थ करणारे होते. त्याच वर्षी गिल्डहॉल म्युझियममध्ये नागरी पुरातत्त्वाचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला आणि पूर्णवेळ पगारी उत्खननकार नेमले गेले. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांतील बांधकामांच्या तेजीत हा विभाग अक्षरशः बुलडोझरच्या पुढे धावत होता.

दुसरे वळण १९८९ मधले. साउथवर्क येथे एका कार्यालयीन इमारतीच्या जागेवर 'रोझ' या १५८७ साली बांधलेल्या नाट्यगृहाचा पाया सापडला. मार्लो आणि शेक्सपिअर यांची नाटके जेथे झाली ते ठिकाण काँक्रीटखाली जाणार म्हटल्यावर नामवंत नटनट्या रस्त्यावर उतरल्या. पाया वाचला आणि नवी इमारत त्याच्यावर उभी राहिली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, सरकारने 'पीपीजी १६' या नावाने ओळखली जाणारी नियोजनविषयक मार्गदर्शक सूचना काढली. जमिनीखालच्या अवशेषांना ज्या बांधकामाने धक्का पोहोचतो, त्याच्या विकासकानेच तपासणीचा, उत्खननाचा आणि अहवालाचा भार उचलावा, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. नियमाचे नाव नंतर बदलले, तत्त्व टिकले. लंडनमध्ये पायाभरणी आणि उत्खनन हे तेव्हापासून जोडीनेच चालतात. साहजिकच खोक्यांचा ओघही कधी आटत नाही.

इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे 'ट्रेझर' या व्याख्येत न बसणारी वस्तू जमीनमालकाची असते, ही गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. म्हणजे उत्खनन झाले तरी मालकाने हक्क सोडल्याचा लेखी कागद दिल्याशिवाय संग्रहालयाला ती वस्तू आपली म्हणता येत नाही. एवढ्याशा कागदावाचून अनेक ठिकाणची खोकी वर्षानुवर्षे उत्खनन करणाऱ्या संस्थांच्या गोदामात अडकून पडतात.

तीन अक्षरे, दोन आकडे

वस्तू कोणत्या थरात सापडली हे माहीत नसेल तर तिचे मोल जवळजवळ शून्य. व्हीलर यांनी आयुष्यभर हेच शिकवले. पुरावस्तूंचा ढीग जमवणाऱ्या आणि नोंद न ठेवणाऱ्या उत्खननकारांवर त्यांनी भारतातही कठोर टीका केली होती. हॅक्नीतील संग्रहाची सगळी रचना या एका शिकवणुकीवर बेतलेली आहे.

प्रत्येक स्थळाला एक संकेत दिला जातो. स्थळाच्या नावावरून तीन अक्षरे आणि उत्खनन सुरू झाले त्या वर्षाचे दोन आकडे. न्यूगेट रस्त्यावरील जुन्या टपाल कचेरीच्या जागी १९७५ मध्ये सुरू झालेले उत्खनन 'जीपीओ७५'. टॉवर ऑफ लंडनजवळच्या जुन्या टांकसाळीच्या जागेवरील १९८६ चे 'एमआयएन८६'. उत्खनन करताना प्रत्येक थर, प्रत्येक खड्डा, प्रत्येक भिंत स्वतंत्र घटक मानून तिला क्रमांक देतात, तिचा वेगळा नकाशा काढतात आणि ती कोणाच्या वर व कोणाच्या खाली आहे, ते लिहून ठेवतात. एका वेळी एकच घटक नोंदवण्याची ही पद्धत लंडनच्याच विभागात सत्तरच्या दशकात घडली आणि पुढे जगभर पोहोचली. खापराच्या पिशवीवर स्थळाचा संकेत आणि घटकाचा क्रमांक असतो. तेवढ्यावरून पन्नास वर्षांनी येणारा अभ्यासक खोक्यातून पिशवीकडे, पिशवीतून नकाशाकडे आणि नकाशावरून थेट त्या खड्ड्याच्या तळाशी जाऊ शकतो. पिशवी शाबूत पण चिठ्ठीवरची शाई उडालेली, अशी वेळ आली तर हा सारा मार्ग बंद होतो. म्हणूनच शाई कोणती, चिठ्ठी कशाची, पिशवीला हवेसाठी भोके किती, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींचे येथे लेखी नियम आहेत. उत्खनन करणारी संस्था ते पाळत नसेल तर तिची खोकी घेतली जात नाहीत.

सगळ्या वस्तूंना एकच हवा मानवत नाही. खापर आणि कौल कशातही टिकतात. लोखंड मात्र जमिनीतून निघाल्या क्षणापासून झपाट्याने गंजू लागते. ते घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे लागते आणि त्या पुड्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. थेम्स नदीकाठच्या चिखलातून निघालेले चामडे आणि लाकूड याच्या उलट. ते शेकडो वर्षे पाण्यात भिजल्यामुळेच टिकलेले असते. उन्हात नुसते वाळवले तर आकसून, तडकून जाते. ते आधी रसायनात मुरवून मग गोठवून सुकवतात.

या नदीकाठच्या चिखलाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. मध्ययुगात लंडनकरांनी धक्के पुढे पुढे सरकवत थेम्सचे पात्र अरुंद केले. ओकच्या फळ्यांची नवी भिंत नदीत उभी करायची आणि तिच्या मागची पोकळी शहरातल्या कचऱ्याने भरायची, असा तो प्रकार. ओकच्या फळीतील वर्षवलये मोजून झाड कोणत्या वर्षाच्या सुमारास तोडले गेले हे सांगता येते, म्हणजे तिच्या मागच्या कचऱ्याचा काळही ठरतो. त्या कचऱ्यात होते जोडे, बक्कल, चाकू, म्याने, कापडाच्या चिंध्या, यात्रेकरूंची बिल्ले. या एकेका प्रकारावर संग्रहालयाने ग्रंथमाला काढली. त्यातील जोड्यांवरचा ग्रंथ १९८८ चा. युरोपात कोठेही मध्ययुगीन जोडा सापडला तर तो कोणत्या शतकातला, हे ठरवताना आजही लंडनच्या त्या कचऱ्याशी ताडून पाहतात. एखाद्या शहराने शतकानुशतके टाकून दिलेले उकिरडे शेवटी कालमापनाचे साधन व्हावेत, ही गंमतीचीच गोष्ट म्हटली पाहिजे.

प्लेगचे दात

मात्र अशा संग्रहावर कोणी 'जागा अडवणारा पसारा' म्हणून बोट ठेवले, तर त्याला द्यायचे सर्वांत ठोस उत्तर 'एमआयएन८६' हेच आहे.

१३४८ च्या शरद ऋतूत 'ब्लॅक डेथ' लंडनला पोहोचली. मृतांना चर्चच्या आवारात जागा पुरेना, तेव्हा टॉवरच्या पूर्वेस ईस्ट स्मिथफील्ड येथे खास दफनभूमी काढली गेली. काहींना स्वतंत्र थडगी मिळाली. इतरांना लांब चरांत, एकावर एक अशा पाच-पाच थरांत ठेवण्यात आले. १९८६ ते १९८८ या काळात येथे उत्खनन होऊन सुमारे साडेसातशे सांगाडे बाहेर काढण्यात आले. दफनभूमीचा काळ कागदोपत्री जवळजवळ महिन्यांच्या हिशेबाने ठाऊक, आणि माणसे कशाने मेली हेही ठाऊक. अशी जागा जगात विरळाच. सांगाडे धुतले गेले, त्यांची नोंद झाली आणि ते खोक्यांत गेले. त्या वेळी त्यांना विचारता येण्याजोगे प्रश्न होते वय, लिंग, उंची आणि हाडांवर दिसणारे आजार, एवढेच.

पुढे एक वाद उभा राहिला, आणि त्याचे एक टोक मुंबईत होते. १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला आणि दोनच वर्षांनी तो रोग मुंबईत, मग पुण्यात आला. १८९७ च्या पुण्याची आठवण मराठी वाचकाला करून द्यायला नको. या साथीची ब्रिटिश सरकारने जी तपशीलवार आकडेवारी जमवली, तिच्याशी चौदाव्या शतकातील साथीचा वेग आणि मृत्यूंचे प्रमाण ताडून पाहता दोन्ही जुळत नाहीत, असे काही इतिहासकारांनी २००० नंतरच्या पुस्तकांत जोरकसपणे मांडले. मग 'ब्लॅक डेथ' हा प्लेग नव्हताच, दुसराच कोणता तरी रोग होता, असा त्यांचा निष्कर्ष.

दस्तऐवजांच्या जोरावर हा वाद मिटणे कठीण होते. तो बव्हंशी मिटला तो दातांमुळे. दाताच्या आतील पोकळीत रक्तवाहिन्या असतात आणि मृत्यूच्या वेळी रक्तात असलेला जंतू तेथे अडकून राहू शकतो. ईस्ट स्मिथफील्डच्या चार व्यक्तींच्या पाच दातांतून मिळालेल्या डीएनएच्या तुकड्यांवरून मध्ययुगीन प्लेगच्या जंतूचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच कर्स्टन बोस, योहानेस क्राउझ, हेंड्रिक पॉइनार आणि सहकाऱ्यांनी पुन्हा जुळवला. ऑक्टोबर २०११ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. आज जगात माणसाला होणाऱ्या प्लेगच्या बहुतेक वाणांचा पूर्वज या मध्ययुगीन जंतूच्या अगदी निकटचा असल्याचे त्यातून दिसले. उत्खनन संपले १९८८ मध्ये. निकाल लागला तेवीस वर्षांनी. हे तंत्र १९८८ मध्ये अस्तित्वातच नव्हते, त्यामुळे 'अभ्यास झाला, आता पुरेसे' असे म्हणून ते सांगाडे तेव्हा पुन्हा पुरले असते तर त्या निर्णयाला कोणी दोषही दिला नसता.

याच सांगाड्यांवर शॅरन डिविट यांनी वेगळा प्रश्न विचारला. साथीने सर्वांना सरसकट मारले की आधीच अशक्त असलेल्यांना अधिक? जेम्स वुड यांच्यासह २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी उत्तर दिले, की आधीचे आजारपण हाडांवर उमटलेल्यांच्या वाट्याला मृत्यू अधिक आला.

मानवी अवशेषांसाठी संग्रहालयाने २००३ मध्ये वेलकम ट्रस्टच्या साहाय्याने स्वतंत्र केंद्र उभे केले आणि सांगाड्यांची संगणकीय नोंद अभ्यासकांना खुली केली. त्यात सर्वांत मोठा वाटा स्पिटलफील्ड्स येथील सेंट मेरी स्पिटल या मध्ययुगीन रुग्णालयाच्या दफनभूमीचा आहे. तेथून दहा हजारांहून अधिक सांगाडे निघाले. सामूहिक खड्डे पाहून ते प्लेगचेच असणार, असा प्रथम समज झाला; परंतु किरणोत्सर्गी कार्बनच्या मोजणीने त्यांतील कित्येकांचा काळ तेराव्या शतकाच्या मध्याचा, म्हणजे प्लेगच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा ठरला. १२५८ च्या लंडनमधील दुष्काळाशी आणि त्याआधीच्या वर्षी पृथ्वीवर कोठेतरी झालेल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकाशी त्यांचा संबंध अभ्यासकांनी जोडला. तो ज्वालामुखी इंडोनेशियातील लोंबोक बेटावरचा सामालास होता, हे २०१३ मध्ये निश्चित झाले.

सगळ्याच हाडांच्या वाट्याला खोके येत नाही. २०१५ साली क्रॉसरेलच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकासाठी जुन्या 'बेडलम' दफनभूमीतून तीन हजारांहून अधिक सांगाडे काढण्यात आले. काहींच्या दातांतून १६६५ च्या लंडनमधील महासाथीचा जंतू प्लेगचाच होता, याची २०१६ मध्ये खातरजमा झाली. त्यानंतर ते सांगाडे कॅनव्ही बेटावर पुन्हा पुरले गेले. मृतांना विश्रांती मिळावी ही भावना समजण्यासारखी आहे आणि इंग्रजी परवान्यांच्या अटीही बहुधा त्याच बाजूच्या असतात. पण त्या तीन हजारांना आता नवा प्रश्न विचारता येणार नाही, हेही खरेच. याला सर्वांना पटेल असा तोडगा आहे, असे वाटत नाही.

राहिलेले अहवाल

साठवणीचा आणखी एक उपयोग कमी झगमगीत, पण तितकाच मोलाचा. १९५४ च्या सप्टेंबरमध्ये वॉलब्रुक येथे विल्यम ग्राइम्स यांना मिथ्र या देवतेचे रोमन मंदिर सापडले आणि ते पाहण्यासाठी लंडनकरांच्या रांगा लागल्या. ग्राइम्स हे व्हीलर यांच्यानंतरचे लंडन म्युझियमचे प्रमुख. मंदिर जगप्रसिद्ध झाले, परंतु त्याचा संपूर्ण शास्त्रीय अहवाल ग्राइम्स यांच्या हयातीत निघालाच नाही. १९८८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या वह्या, नकाशे, छायाचित्रे आणि वस्तू यांच्या आधारे जॉन शेफर्ड यांनी तो १९९८ मध्ये पूर्ण केला. उत्खननकाराच्या डोक्यात राहिलेले कायमचे जाते. कागदावर राहिलेले चव्वेचाळीस वर्षांनीही उपयोगी पडते.

मग प्रश्न उरतो जागेचा. विकासक खोकी जमा करताना एकदाच शुल्क भरतो, सांभाळ मात्र कायमचा. भाडे, वीज, सिलिका जेल आणि पगार दरवर्षी द्यावेच लागतात. इंग्लंडमधील अनेक लहान संग्रहालयांनी जागेअभावी नवी खोकी घेणेच बंद केले आहे. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय टाकायचे, याचा निर्णय आता उत्खननाच्या आधीच लिहून ठेवावा, असा आग्रह धरला जातो. विटा-कौले मोजून, वजन करून, प्रत्येक प्रकारचा नमुना ठेवून उरलेले जागेवरच सोडून देणे सर्वमान्य आहे. कोणत्या थरातले हे सांगता न येणारे खापरही जाऊ शकते. पुढे कशाचा उपयोग होईल हे आज कसे कळणार, हा आक्षेप प्लेगच्या दातांकडे पाहता बिनतोड वाटतो. पण सगळेच ठेवायचे म्हटले तर काहीच नीट ठेवता येत नाही, हा अनुभवही खोटा नाही. हॅक्नीतील सत्तरच्या दशकातली खोकी नव्या नियमांप्रमाणे पुन्हा बांधण्याचे कंटाळवाणे काम स्वयंसेवकांच्या हातांनी वर्षानुवर्षे झाले. तेवढे मनुष्यबळ पगारावर नेमणे कोणालाच परवडले नसते.

नेवासे, इनामगाव आणि टॉर्पेडो रांजण

या सगळ्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध केवळ व्हीलर यांच्या नावापुरता नाही. लंडन विद्यापीठात १९३७ साली पीएच.डी. मिळवलेले ह. धी. सांकळिया यांनी उत्खननाचे धडे इंग्लंडमधील मेडन कॅसल येथे व्हीलर यांच्याच हाताखाली घेतले होते. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी जी परंपरा उभारली, त्यातून नेवासे, इनामगाव अशी उत्खनने झाली. त्यांची खापरे आणि हाडे त्या संस्थेच्या संग्रहात आहेत.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन चालले. ताम्रपाषाणयुगातील या वस्तीत घराच्या जमिनीखाली मुलांना मातीच्या कलशांत पुरत असत. म. के. ढवळीकर, सांकळिया आणि झै. दा. अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. त्यानंतर दोन दशकांनी अमेरिकन संशोधक ग्वेन रॉबिन्स शुग यांनी महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांतील याच बालकांच्या हाडांची वाढ मोजली आणि वस्त्यांच्या ऱ्हासामागे कोरडे हवामान होते या जुन्या सिद्धांताची नव्याने तपासणी करणारा ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध केला. लंडनचे दात आणि इनामगावची बाळे, दोन्हींचा निकाल एकाच वर्षी आला.

खापरांचे उदाहरण त्याहून जवळचे आहे. खापर कोठे घडले हे ओळखण्यासाठी त्याची ताजी कड सूक्ष्मदर्शकाखाली धरून मातीतले वाळूचे, अभ्रकाचे, चुनखडीचे कण पाहतात आणि नमुन्याच्या संचाशी ताडतात. रोमन ब्रिटनमधील खापरांच्या अशा राष्ट्रीय नमुनासंचाची पुस्तिका लंडनच्या संग्रहालयाच्या पुरातत्त्व सेवेने १९९८ मध्ये काढली. तिच्या दोन लेखकांपैकी एक रॉबर्टा टॉम्बर. पुढे टॉम्बर भारतात आल्या आणि ठिकठिकाणच्या संग्रहांत 'रोमन अँफोरा' अशी चिठ्ठी लावून ठेवलेली खापरे त्यांनी एकेक करून पाहिली. त्यांतील काहींच्या आतल्या अंगाला डांबराचा लेप होता. ती रोमची नव्हतीच. ती मेसोपोटेमियातल्या, लांबट आणि बिनकानाच्या 'टॉर्पेडो' रांजणांची होती, हे त्यांनी २००७ च्या निबंधात दाखवून दिले. पश्चिम किनाऱ्याच्या प्राचीन व्यापाराचा नकाशा त्यामुळे बदलला. इराणी आखाताचा वाटा वाढला आणि काही ठिकाणांचा रोमचा वाटा घटला. चिठ्ठी चुकीची होती, पण खापर जागेवर होते.

भारतात हे नेहमीच घडते असे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात पुरातत्त्व सर्वेक्षण खात्यावर दोन गोष्टींसाठी स्पष्ट ठपका ठेवला होता. खात्याच्या ताब्यात एकंदर किती पुरावस्तू आहेत याची एकत्रित नोंद नाही आणि कित्येक उत्खननांचे अहवाल वर्षानुवर्षे लिहिलेच गेलेले नाहीत. अहवाल न निघालेल्या उत्खननाची खोकी तरी शाबूत असतील, तर ग्राइम्स यांच्या मंदिरासारखे काही शक्य आहे. त्यासाठी निवृत्त झालेल्या उत्खननकारांच्या वह्या त्यांच्या घरच्या माळ्यावरून वस्तूंच्या शेजारी आणून ठेवणे, हे सर्वांत तातडीचे काम आहे. आणि त्याला दहा किलोमीटर लांबीची फडताळेही लागत नाहीत.